गोळी, हुकूम आणि रसद : लढायांच्या पर्यायी इतिहासाची प्रस्तावना

झालेल्या इतिहासात एकाच ठिकाणी बदल करायचा आणि तिथून पुढचे जग नव्याने रचायचे, ही पर्यायी इतिहासाची रीत. बदल कुठलाही चालतो. एखादा शोध लागत नाही, एखादी साथ येत नाही, एखादा युवराज बालपणी दगावत नाही. तरीही या प्रकारच्या लेखकांचा ओढा पहिल्यापासून रणांगणाकडे राहिला आहे. लढाईला तारीख असते, ठिकाण असते, बहुधा दिवस मावळायच्या आत तिचा निकाल लागतो, आणि तो निकाल एका सेनापतीच्या नावावर जमा किंवा खर्ची टाकण्याची सवय सगळ्याच समाजांना आहे. एवढे आयते हाती लागले की बाकीचे काम कल्पनेचे.

ऐतिहासिक कादंबरीपेक्षा हा प्रकार वेगळा. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीत मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्या मनात काय चालले असेल ते लेखक रचू शकतो, पण मराठे हरले ती १४ जानेवारी १७६१ ची संध्याकाळ त्याला बदलता येत नाही. वाचकही शेवट ठाऊक असूनच पुस्तक उघडतो. पर्यायी इतिहासाचा लेखक नेमकी तीच संध्याकाळ बदलतो. मात्र त्या दुपारपर्यंतचा इतिहास त्याने जसाच्या तसा पाळायचा असतो. वाट जिथे फुटते त्या जागेला सोयीसाठी फाटा म्हणता येईल. फाटा कुठे काढला, यावर कथेचे बरेवाईट बहुतांशी ठरते. बंदुकीची गोळी, हरवलेला किंवा उशिरा पोचलेला हुकूम, हवामान आणि रसद ही लढायांच्या कथांतली नेहमीची ठिकाणे. पहिली तीन लेखकांना फार आवडतात. रसदीच्या वाटेला क्वचितच कोणी जातो, आणि फौजा तर बहुतेक वेळा तिथेच हरलेल्या आहेत.

या विषयावरचे फार जुने लेखन रोमन इतिहासकार लिव्ही याचे आहे. रोमच्या इतिहासाच्या नवव्या खंडात तो मध्येच कथन थांबवतो आणि अलेक्झांडर पूर्वेला न जाता इटलीवर चालून आला असता तर काय झाले असते, याचा विचार करतो. अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये बॅबिलोनला वारला तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षांचा होता. लिव्हीच्या मते दैव फिरायच्या आत मरण आले म्हणूनच त्याची कीर्ती शाबूत राहिली. रोमन माणसाने रोमच्या बाजूने कौल द्यावा यात नवल नाही, पण त्याने दिलेले कारण आजही वाचण्यासारखे आहे. मॅसिडोनियाकडे एकच अलेक्झांडर होता. रोमकडे दरवर्षी नवे सेनापती निवडण्याची पद्धत होती. रोमचा एक सेनापती पडला तर दुसरा उभा राहिला असता, रोमन फौज एक लढाई हरली तर दुसरी फौज उभी राहिली असती. अलेक्झांडरला मात्र एकदाही हरून चालले नसते. एकटा पराक्रमी पुरुष आणि चालू राहणारी व्यवस्था यांच्यातला हा सामना दोन हजार वर्षे या साहित्यात पुनःपुन्हा येत राहिला. १९६९ मध्ये आर्नल्ड टॉइन्बी या ब्रिटिश इतिहासकाराने नेमके उलट केले. त्याने अलेक्झांडरला म्हातारपणापर्यंत जगवले आणि त्याचे साम्राज्य पिढ्यान्‌पिढ्या टिकवले.

स्वतंत्र ग्रंथ म्हणून हा प्रकार उभा राहिला तो फ्रान्समध्ये आणि अर्थातच नेपोलियनमुळे. लुई जॉफ्र्वा याच्या १८३६ च्या पुस्तकात नेपोलियन १८१२ साली जळालेल्या मॉस्कोत थांबून राहत नाही. तो पुढे निघतो, रशियन सैन्याचा पाडाव करतो आणि वीस वर्षांत सगळे जग पादाक्रांत करतो. पुस्तकातली सर्वांत धीट जागा मात्र वेगळीच आहे. एका प्रकरणात लेखक संतापून सांगतो, की सम्राट वॉटर्लूला हरला आणि सेंट हेलेना बेटावर कैदेत मेला अशी एक खोटी बखर कोणीतरी पसरवली आहे, तिच्यावर विश्वास ठेवू नये. आपल्या जगाचा खरा इतिहास त्या जगात थाप ठरतो. हा डाव पुढच्या लेखकांनी इतक्या वेळा खेळला की आता तो या प्रकाराचा ठेवणीतला अलंकारच झाला आहे.

वॉटर्लूइतके फाटे एका लढाईला क्वचितच मिळतात. १७ जून १८१५ ला आणि त्या रात्री मुसळधार पाऊस झाला. चिखलात तोफा हलेनात म्हणून १८ तारखेची लढाई दुपारच्या तोंडावर सुरू झाली. पाऊस नसता तर नेपोलियनला सकाळचे चार-पाच तास जास्त मिळाले असते, आणि ब्ल्यूखरची प्रशियन फौज येण्याआधी ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनशी निकाल लावता आला असता. दुसरा फाटा नेपोलियनच्या मार्शल ग्रूशीचा. सुमारे ३३,००० सैन्य घेऊन तो प्रशियनांच्या पाठलागावर होता. वालें गावी तो जेवायला बसला असताना दूरवरून तोफांचा गडगडाट ऐकू आला. सांगतात, की तो त्या वेळी स्ट्रॉबेरी खात होता. हाताखालच्या जेरार या सेनानीने आवाजाच्या दिशेने चालावे म्हणून निकराने सांगितले. ग्रूशीने बादशहाचा मूळ हुकूम धरून ठेवला. जी. एम. ट्रेव्हेलियन या इंग्रज इतिहासकाराने १९०७ मध्ये वॉटर्लूला नेपोलियन जिंकल्यानंतरचे युरोप एका निबंधात रंगवले. त्यातला नेपोलियन जग जिंकायला निघत नाही. तो थकलेला आहे, फौजही लढायांना विटली आहे आणि विजयानंतर त्याला शांतता हवी आहे. जॉफ्र्वाचा जगज्जेता आणि ट्रेव्हेलियनचा दमलेला प्रौढ बादशहा यांत दुसरा खराखुरा वाटतो, कारण त्याच्याकडून विजयाची किंमत वसूल केलेली आहे.

१९३१ मध्ये जे. सी. स्क्वायर यांनी संपादित केलेल्या निबंधसंग्रहाने या खेळाला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यात विन्स्टन चर्चिल यांचा एक निबंध आहे आणि त्याची रचना उलटी आहे. १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत पेन्सिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला अमेरिकी यादवी युद्धातली सर्वांत मोठी लढाई झाली आणि दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली हरला. चर्चिलांचा निवेदक मात्र ली जिंकलेल्या जगात राहतो आणि तिथे बसून विचारतो, की ली हरला असता तर? त्याच्या जगात लीने वॉशिंग्टनमध्ये शिरल्यावर गुलामगिरी रद्द केली, ब्रिटनने दक्षिणेशी मैत्री केली आणि शेवटी १९१४ चे महायुद्धच टळले. म्हणजे आपण ज्या जगात राहतो ते त्याला एक भयानक कल्पना वाटते. निबंध चतुर आहे, पण त्यात एक गोष्ट चोरपावलांनी आत येते. गुलामांच्या श्रमावर उभे असलेले राज्य जिंकते आणि त्याचा सेनापती पहिल्याच झटक्यात गुलामगिरी काढून टाकतो. असे का होईल, याचे पटण्यासारखे उत्तर त्यात नाही.

लीच्या बाबतीत हे वारंवार होते. युद्धानंतर दक्षिणेतल्या लेखकांनी त्याला जवळजवळ देव्हाऱ्यात बसवले. गेटिसबर्गच्या पराभवाचे खापर लाँगस्ट्रीट या त्याच्या हाताखालच्या सेनानीवर फोडले गेले. घोडदळाचा प्रमुख स्टुअर्ट वेळेवर आला नाही, आणि ‘स्टोनवॉल’ जॅक्सन आधीच्या मे महिन्यात स्वतःच्याच सैनिकांच्या गोळ्या लागून मेला, ही कारणेही पुढे आली. यातले प्रत्येक कारण हा एक तयार फाटा आहे. ३ जुलैला सुमारे १२,५०० सैनिकांना उघड्या माळावरून शत्रूच्या तोफांवर सोडण्याचा निर्णय लीचा स्वतःचा होता आणि त्यातले निम्म्याहून अधिक कामी आले, जखमी झाले किंवा पकडले गेले. हा निर्णयही फाटाच, पण तो कमी लेखकांना रुचतो.

त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. गेटिसबर्गच्या दुसऱ्याच दिवशी, ४ जुलै १८६३ ला, मिसिसिपी नदीवरचे व्हिक्सबर्ग हे ठाणे उत्तरेच्या जनरल ग्रँटच्या हाती पडले आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले. म्हणजे ली जिंकला असता तरी व्हिक्सबर्ग गेलेच होते. मॅकिन्ले कँटोर या कादंबरीकाराने १९६० मध्ये दक्षिणेच्या विजयावर लिहिताना हे ओळखले. त्याने आधी मे महिन्यात ग्रँटला घोड्यावरून पाडून मारले आणि मग लीला गेटिसबर्ग जिंकू दिले. एकाऐवजी दोन फाटे काढणे कलेच्या दृष्टीने ढोबळ, पण हिशोबाच्या दृष्टीने प्रामाणिक आहे. एका लढाईने युद्ध फिरत नाही, याची ती कबुलीच होती.

हुकुमाचा सर्वांत सुंदर फाटाही याच युद्धातला. सप्टेंबर १८६२ मध्ये मेरीलंडमध्ये शिरल्यावर लीने आपली फौज चार-पाच तुकड्यांत विभागली आणि कोणती तुकडी कुठे जाणार हे एका लेखी हुकुमात नोंदवले. त्याची एक प्रत वाटेत पडली. १३ सप्टेंबरला फ्रेडरिक गावाजवळच्या माळावर उत्तरेच्या एका शिपायाला ती मिळाली, तीन सिगारींभोवती गुंडाळलेली. चारच दिवसांनी अँटिएटमची लढाई झाली. त्या एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २३,००० सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. ली मागे हटला आणि लिंकनने २२ सप्टेंबरला गुलाममुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला. ब्रिटन आणि फ्रान्स दक्षिणेला मान्यता देण्याच्या विचारात होते, तो विचारही मागे पडला. हॅरी टर्टलडव्ह या अमेरिकी लेखकाने १९९७ च्या कादंबरीत तो कागद मागून येणाऱ्या दक्षिणेच्याच शिपायांना सापडू दिला. बाकी काही बदलले नाही. तिथून अकरा कादंबऱ्यांची मालिका निघाली आणि अमेरिकेचे दोन देश १९१४ मध्ये एकमेकांविरुद्ध खंदक खणून बसले. टर्टलडव्ह इतिहासाचा विद्यार्थी. बायझंटाइन इतिहासात त्याने डॉक्टरेट मिळवली. फाटा लहान, पुढची साखळी लांब आणि प्रत्येक कडी तपासता येण्याजोगी, ही त्याची पद्धत आहे. त्याच लेखकाने १९९२ मध्ये मात्र लीच्या सैनिकांच्या हाती काळप्रवाशांकरवी एके-४७ बंदुका दिल्या होत्या. ती कादंबरी गाजली असली तरी इतिहासाच्या कसोटीला ती कशी लावणार?

वॉर्ड मूरच्या १९५३ च्या कादंबरीत या सगळ्या खेळावर तिरकस नजर आहे. दक्षिण जिंकलेल्या, उत्तर भिकेला लागलेल्या जगात एक इतिहासकार गेटिसबर्गचा तज्ज्ञ होतो. काळयंत्रात बसून तो ती लढाई प्रत्यक्ष पाहायला जातो. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या त्याला पाहून दक्षिणेची एक तुकडी बिचकते, थांबते, तिचा अधिकारी गोंधळात मारला जातो आणि मोक्याची टेकडी हातची जाते. ली हरतो. इतिहासकार कायमचा तुमच्याआमच्या जगात अडकतो, कारण मेलेल्या अधिकाऱ्याच्या वंशातच काळयंत्र बनवणारी स्त्री जन्मणार होती. नुसत्या बघ्याने लढाई फिरवली, ही कल्पना सेनापतींच्या भक्तांना पचणे कठीणच.

दुसऱ्या महायुद्धावरचे लेखन संख्येने सर्वांत मोठे, पण त्यात सेनापती कमी आणि राजवटी जास्त. फिलिप के. डिकच्या १९६२ च्या कादंबरीत फाटा रणांगणावर नाहीच. फेब्रुवारी १९३३ मध्ये मायामीत झांगारा नावाच्या माणसाने रूझवेल्टवर गोळ्या झाडल्या. प्रत्यक्षात त्या चुकल्या आणि शिकागोच्या महापौरांचा बळी गेला. कादंबरीत रूझवेल्ट मारला जातो आणि अमेरिका युद्धाला तयारच होत नाही. लेन डेटन (१९७८) आणि रॉबर्ट हॅरिस (१९९२) यांनी जर्मन विजयानंतरच्या जगात पोलिसी तपासाच्या कथा रचल्या. भारतीय वाचकाला सर्वांत जवळची ठरेल ती टर्टलडव्हची १९८८ ची एक कथा. त्यात जर्मनांनी भारत जिंकला आहे आणि फील्ड मार्शल वाल्टर मोडेल येथे राज्य करतो. प्रत्यक्षात एप्रिल १९४५ मध्ये जर्मनीतच वेढा पडल्यावर याच मोडेलने स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. कथेत गांधीजी त्याच्याविरुद्ध सत्याग्रह करतात. मोडेल निर्दयपणे गोळीबार करवतो आणि शरमत नाही. सत्याग्रहाला समोरच्याकडे थोडी तरी लाज लागते का, हा प्रश्न लेखकाने एका सेनापतीच्या तोंडासमोर आणून उभा केला आहे. कोणी सहमत होवो वा न होवो, रणगाडे मोजत बसण्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

जर्मनांनी ब्रिटनवर स्वारी केली असती तर काय झाले असते, याची चाचणी १९७४ मध्ये सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत युद्धखेळ खेळून झाली. पंचांमध्ये दोन्ही बाजूंचे निवृत्त अधिकारी होते. जर्मन विमानदलाचा प्रसिद्ध सेनानी अडोल्फ गालांडही त्यांत होता. पहिली तुकडी किनाऱ्यावर उतरली, पण ब्रिटिश आरमाराने मागची कुमक तोडली आणि स्वारी फसली. पंचांचा निर्णय एकमताचा होता. उलट प्रकार मे १९४२ चा. मिडवेच्या मोहिमेआधी जपानी आरमाराने ‘यामातो’ या युद्धनौकेवर असाच खेळ खेळला. फाशांनुसार जपानी विमानवाहू जहाजांवर नऊ बॉम्ब पडले आणि दोन जहाजे बुडाली. अॅडमिरल उगाकी यांनी नऊचे तीन केले आणि बुडालेले एक जहाज पुन्हा तरंगवले, अशी हकीकत त्या आरमारातले वैमानिक फुचिदा यांनी युद्धानंतर लिहून ठेवली. जून महिन्यात खऱ्या लढाईत चार विमानवाहू जहाजे गेली. बुडालेले जहाज तरंगवण्याचा मोह पर्यायी इतिहासाच्या लेखकालाही सतत होतो. आवडता सेनापती संकटात सापडला की हात आपोआप फाशांकडे जातो.

इतिहासकारांचे या प्रकाराशी फारसे सख्य नाही. ई. एच. कार यांनी १९६१ मध्ये त्याला बैठकीतला खेळ म्हणून बाजूला सारले. १९९७ मध्ये नायल फर्ग्युसन यांनी त्याची बाजू घेतली, पण एक अट घातली. ज्या पर्यायांचा विचार त्या काळच्या माणसांनी केला होता आणि ज्यांची नोंद त्या काळच्या कागदांत सापडते, तेवढेच पर्याय विचारात घ्यावेत. कादंबरीकाराला ही अट जाचक वाटेल. तरी ती पाळणारे लेखन चांगले उतरते, असा अनुभव आहे. लीच्या हरवलेल्या हुकुमाला कागद आहे, एके-४७ ला नाही.

भारतात या नजरेने पाहण्यासारखी रणांगणे थोडी नाहीत. २३ जून १७५७ ला प्लासीला कंपनीशी लढताना आलेल्या पावसाने बंगालचा नवाब सिराजउद्दौला याची दारू भिजली आणि त्याचा सेनानी मीर मदन पडला. पण खरी मेख नवाबाचाच सेनापती मीर जाफर याच्या फितुरीत होती, म्हणून पावसाचा फाटा तिथे लंगडा पडतो. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला आर्थर वेलस्ली शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेसमोर आला. कैलना नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले होते. वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. दोन गावे अशी वसली आहेत त्या अर्थी मध्ये उतार असणारच, असा तर्क त्याने केला आणि तो खरा निघाला. नदी ओलांडताना एका तोफगोळ्याने त्याच्या शेजारच्या स्वाराचे डोके उडवले. लढाईत त्याचा एक घोडा गोळीने पडला, दुसऱ्याला भाला लागला, आणि त्याच्या फौजेतले दीड हजारांच्या वर लोक मेले किंवा जखमी झाले. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. तो गोळा हातभर इकडे आला असता तर बारा वर्षांनी वॉटर्लूच्या टेकडीवर दुसराच कोणी उभा असता. युरोपातल्या वॉटर्लूच्या कथा पाऊस आणि ग्रूशीभोवती फिरतात. त्या लढाईचा एक फाटा मराठवाड्यातल्या नदीपात्रातही आहे.

मराठीत मात्र असा विषय निघाला की तो पानिपतावरच येऊन थांबतो. त्याला कथेचे रूप दिले ते खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत. तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटी पाठ्यपुस्तकात गेले आणि ती महाराष्ट्राबाहेरच्या मुलांनीही वाचली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर दुसऱ्याच भारतात जागे होतात. पुण्याहून मुंबईला जिजामाता एक्स्प्रेस जाते. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. ते ग्रंथालयात जाऊन स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड उघडतात आणि कुठे बदल झाला ते शोधत पानिपतापर्यंत येतात. भाऊसाहेबांच्या बखरीच्या त्या प्रतीत पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना गोळी लागत नाही, कानाला चाटून जाते. मराठे जिंकतात. विश्वासराव आणि त्यांचे धाकटे बंधू माधवराव मिळून राज्य वाढवतात, कंपनी बंदरांपुरती उरते, पेशवे नव्या विज्ञानाची केंद्रे काढतात आणि विसाव्या शतकात लोकशाही येते. बखरीचे एक पान गंगाधरपंतांच्या हातात राहून जाते. मग मित्राकरवी पुंजभौतिकी आणि अरिष्ट-सिद्धान्ताच्या आधारे या सगळ्याचा उलगडा होतो. अनेक जगे एकाच वेळी असू शकतात, हा लेखकाच्या विज्ञानातलाच धागा इथे इतिहासाला जोडलेला आहे, आणि कथेचे बळ त्यात आहे.

त्यातला फाटा मात्र गोळीचाच आहे, आणि गोळीच्या फाट्याला जेवढे पेलते तेवढेच त्याला पेलते. विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, अंबारी रिकामी दिसली आणि फौजेचा धीर सुटला, ही हकीकत खरी मानली तरी फौज त्या दिवशी कशी उभी होती हे पाहावे लागते. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा जिंकून भाऊसाहेबांनी धान्याचा मोठा साठा मिळवला. त्याच महिन्याच्या अखेरीस अफगाण बादशहा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांचा दिल्लीशी संबंध तोडला. पुढचे अडीच महिने छावणी पानिपतला अडकून पडली. डिसेंबरमध्ये गंगा-यमुनेमधल्या अंतर्वेदीतून अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि मराठ्यांच्या छावणीतली उपासमार वाढत गेली. सैनिकांच्या बरोबर बाजारबुणगे, बायकामुले आणि यात्रेकरू हजारोंनी होते. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे म्हणत फौज १४ जानेवारीला बाहेर पडली.

म्हणून पानिपताचा जास्त टिकाऊ फाटा दुपारच्या गोळीत नसून डिसेंबरातल्या धान्यात आहे. गोविंदपंत निसटले असते तर लढाई कदाचित झालीच नसती. अब्दालीच्या छावणीतही टंचाई होतीच आणि उन्हाळ्याआधी परतण्याची घाई त्याच्या लोकांना होती. फर्ग्युसनची अट पाळायची तर आणखी दोन पर्याय कागदोपत्री सापडतात. जड तोफा आणि कुटुंबकबिला मागे सुरक्षित ठेवून हलक्या घोडदळाने गनिमी काव्याची लढाई करावी, हा सूरजमल जाटाचा सल्ला. आणि अब्दालीच्या बाजूला असलेला अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्यामार्फत चाललेली तहाची बोलणी, जी रोहिला सरदार नजीबखानाच्या विरोधामुळे फिसकटली. शुजाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने तहाच्या खटपटीची हकीकत लिहून ठेवली आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापले, त्र्यं. शं. शेजवलकरांनी तर पानिपतचा मोहीम म्हणून कसून अभ्यास केला. पर्यायी इतिहास लिहू पाहणाऱ्याला एवढे भांडवल पुरेसे आहे. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी रचलेली तोफांची आघाडी टिकली का, विंचूरकर आणि गायकवाडांचे स्वार फौजेच्या रचनेचा चौकोन सोडून पुढे घुसले नसते तर काय झाले असते, हे प्रश्नही त्याच कागदांतून उठतात.

विजयानंतरचा हिशोब आणखी अवघड. विश्वासराव वाचले तर त्यांचे वडील नानासाहेब यांच्यानंतर पेशवाई त्यांच्याकडे जाते आणि माधवराव पेशवेच होत नाहीत. पराभवानंतर राज्य सावरणारे, १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाला नमवणारे माधवराव त्या जगात धाकटे बंधू म्हणून उरतात. शिवाय विजयाने क्षयरोग बरा होत नाही; नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला सत्ताविसाव्या वर्षी आलेले मरण तिथेही वाट पाहत असणार. माधवरावांचे चुलते रघुनाथराव यांची महत्त्वाकांक्षा पानिपताने जन्माला घातलेली नव्हती, तेव्हा तिचीही सोय लावावी लागते.

आणि पराभव होऊनही बरेच काही घडले. पानिपतात पायाने कायमचे जायबंदी झालेले महादजी शिंदे १७७१ मध्ये दिल्लीत शिरले आणि जानेवारी १७७२ मध्ये मोगल बादशहा शाहआलम मराठ्यांच्या आधाराने तख्तावर परतला. पानिपत जिंकले असते तर मिळाले असते असे जे सांगितले जाते, त्यातला मोठा भाग दहा वर्षांत हाती आला. हाती आला नाही तो बंगाल. ऑक्टोबर १७६४ मध्ये बक्सरला कंपनीने शुजाउद्दौला, बंगालचा पदच्युत नवाब मीर कासीम आणि शाहआलम यांच्या फौजांचा पराभव केला. ऑगस्ट १७६५ मध्ये बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी मिळवली, आणि त्या महसुलावर पुढची चाळीस वर्षे पलटणी उभ्या केल्या. असईला वेलस्लीबरोबर मद्रासच्या पलटणी होत्या, पण त्यांच्यामागची सत्ता बंगालच्या पैशावर उभी होती. विश्वासरावांना वाचवणाऱ्या लेखकाला म्हणून चार वर्षांच्या आत एक फौज गंगेच्या काठाने पूर्वेला न्यावी लागते, आणि तिच्या पगाराची व धान्याची तजवीज नानासाहेबांनी मागे ठेवलेल्या कर्जबाजारी खजिन्यातून करावी लागते.